हिरवी, लाल की काळी: गावात कॉकटेल करायचं तर जडीबुटीची कोणती बाटली घ्यावी?

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात कॉकटेलचं निम्मं सामान दाराशी असतं. संत्र्याचा बगीचा घरचा नाही तर शेजारच्याचा, विहिरीपाशी लिंबाचं एखादं झाड, परड्यात गवती चहा आणि पुदिना, फाट्यावर रसवंती. घोडं अडतं ते बाटलीपाशी. व्हिस्की-रमच्या पुढं काही करून पाहावं म्हटलं की हाती लागलेल्या प्रत्येक कृतीत एखादी परदेशी जडीबुटीची लिक्युअर, म्हणजे साखर घातलेली स्वादाची दारू, निघते. तिची किंमत ऐकून माणूस मुकाट सोडा आणायला जातो.

हे लेखन अशा माणसासाठी आहे ज्याला एकच बाटली घ्यायची आहे. अख्खा बार मांडायची हौस किंवा ऐपत असेल त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही. मी तीन बाटल्या समोरासमोर ठेवतो: हिरवी शार्त्रूज, लाल कांपारी आणि काळपट येगरमाइस्टर. निकाल आधीच सांगून टाकतो. घरी संत्रा असेल तर कांपारी. पाहुणे फार आणि हौस थोडी असेल तर येगर. परदेशातून कोणी येणार असेल आणि स्वाद या गोष्टीचं तुम्हाला खरोखर वेड असेल, तर शार्त्रूज. पण ही निवड बाटलीवरचं लेबल बघून होत नाही. तुमच्याकडं आंबट काय आहे, बर्फ किती टिकतो आणि पिणारे कोण आहेत, यावर ती ठरते.

आधी कायद्याचं आटपून घेऊ, कारण विदर्भात ते टाळून चालत नाही. महाराष्ट्रात ही दारू घ्यायला वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही. वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे आहेत, गडचिरोलीत तर १९९३ पासून. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. आता नकाशा बघा: नागपूरहून अमरावतीला जाणारा हमरस्ता कारंजा घाडगे, तळेगाव असा वर्धा जिल्ह्यातूनच जातो. यवतमाळचा रस्ताही तसाच, समृद्धी महामार्गही तसाच. म्हणजे नागपुरात बिल करून घेतलेली बाटली गाडीत टाकून तुम्ही निघालात की तासाभरात बंदीच्या जिल्ह्यात असता. अमरावतीत मिळत असेल तर तिथंच घ्या. नागपूरहूनच आणायची असेल तर वाहतुकीचा नियम उत्पादन शुल्क खात्याला विचारून मग निघा. वर्धा-गडचिरोलीकरांनी हा लेख शेवटच्या भागापासून वाचावा, तिथं बिनदारूचे दोन-तीन ग्लास आहेत.

किती कडक, किती गोड

तिन्ही बाटल्यांवर ‘हर्बल’ लिहिता येईल, पण जोर सारखा नाही. हिरव्या शार्त्रूजमध्ये मद्यार्क ५५ टक्के. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के असते, म्हणजे शार्त्रूज तिच्याहूनही चढी. येगर ३५ टक्के. कांपारी देशागणिक थोडी बदलते, बहुतेक ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास. ३० मिलि ओतलं तर शार्त्रूजमधून साडेसोळा मिलि शुद्ध मद्यार्क पोटात जातो, येगरमधून साडेदहा, कांपारीतून साडेसात. गोडीमुळे जिभेला हा फरक कळत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे लिक्युअर म्हणवून घ्यायला लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर लागतेच, आणि त्या साखरेखाली कडकपणा दडून बसतो.

शार्त्रूजची सगळ्यात गाजलेली कृती म्हणजे ‘लास्ट वर्ड’: जिन, हिरवी शार्त्रूज, माराश्चिनो नावाची चेरीची लिक्युअर आणि लिंबाचा रस, सगळं समान. प्रत्येकी २२.५ मिलि घेतलं तर दिसायला एवढासा पेला होतो, आणि मद्यार्क भरतो जवळजवळ २९ मिलि. ६० मिलिच्या मोठ्या पेगात तो २६ मिलिच्या आतच असतो. नाजूक दिसणाऱ्या हिरवट पेयाचे दोन ग्लास रिचवून कोणी रात्री मोटारसायकलला किक मारत असेल तर चावी काढून घ्या. वावरात खाटा असतात, गोधडी असते, झोपू द्या तिथंच.

मोजायला जिगर, म्हणजे बारमधला मापाचा पेला, विकत आणू नका. खोकल्याच्या औषधासोबत येणारं पाच-दहा मिलिच्या खुणांचं झाकण धुऊन ठेवलं की काम झालं. शार्त्रूजसाठी तर तेच माप बरोबर आहे.

हिरवी शार्त्रूज

तिघींत ही खरी वेगळी. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लजवळच्या डोंगरात कार्थुसियन साधूंचा मठ आहे, मौनासाठी प्रसिद्ध. १६०५ मध्ये त्यांच्या हाती एका दीर्घायुष्याच्या अर्काचं हस्तलिखित आलं. ते उलगडून त्यातून काही घडायला दीड शतक गेलं. १७६४ मध्ये ६९ टक्क्यांचा औषधी अर्क तयार झाला आणि १८४० मध्ये त्यातूनच आजची सौम्य केलेली हिरवी. तिला सौम्य म्हणायचं ते त्या ६९ च्या तुलनेत. १३० वनस्पती तिच्यात आहेत, पूर्ण कृती मोजक्याच साधूंना ठाऊक असते आणि हिरवा रंग वनस्पतींचाच आहे. म्हणून ती उन्हात ठेवली तर रंग उडतो. उत्पादन वाढवत न्यायचं नाही, साधनेला वेळ हवा, असं साधूंनी ठरवलं आणि २०२३ च्या सुमारास ही बातमी जगभर झाली. त्यानंतर न्यूयॉर्क-लंडनमध्येही ती शोधत फिरावं लागतं. तालुक्याच्या वाइन शॉपात विचारू नका, दुकानदार तुम्हाला क्रीम द मेंथ देईल. तीही हिरवी असते, पण ती निव्वळ पेपरमिंटचं गोड पाणी आहे आणि रंग कृत्रिम.

मिळण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे परदेशातून येणारा आप्त. येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मावसभाऊ कंपनीतर्फे युरोपात जात असेल तर व्हिस्कीऐवजी हिचं नाव त्याला लिहून द्या. नुसतं ‘शार्त्रूज’ लिहू नका, ‘हिरवी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पिवळी येते. पिवळी वाईट नाही, अधिक गोड आणि मधाळ आहे, पण लिंबासमोर दबते.

चव सांगायची तर आधी साखर, मग तुळस, ओवा, बडीशेप, ओलं गवत, मग मिऱ्याची ऊब, आणि गिळल्यानंतर मिनिटभर तोंडात काहीतरी चालूच राहतं. म्हणून तिला फोडणीतल्या हिंगासारखं वागवा: कमी पडला तर वरून घालता येतो, जास्त पडला तर भांडं गेलं. पाऊण लिटरची नसून ७०० मिलिची बाटली असते. दहा-दहा मिलिनं वापरली तर सत्तर ग्लास होतात. म्हणजे महाग बाटली प्रत्येक ग्लासामागे तेवढी महाग पडत नाही. हा हिशेब घरच्यांपुढं मांडायलाही उपयोगी आहे.

तिचं आणि आपल्या भागाचं सगळ्यात चांगलं जमतं ते उसाच्या रसात. रसवंतीवाल्याला बर्फ आणि लिंबू न घालता रस मागा, आलं मात्र घालू द्या. ६० मिलि रस, ४० मिलि पांढरी रम, २० मिलि लिंबाचा रस, १० मिलि शार्त्रूज, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फासोबत दणकून हलवायचं. उसाच्या रसातला जो हिरवट, गवताळ वास एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, तो शार्त्रूजमुळं एकदम पुढं येतो. मला तर वाटतं हे पेय फ्रान्सपेक्षा इथंच अधिक शोभतं. रस मात्र आणल्या आणल्या वापरा. तो हवेनं काळा पडतो, आणि काळ्या रसाला लोखंडी चव येते.

दुसरं, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. कैरी भाजून गूळ घातलेलं घट्ट पन्हं ६० मिलि, शार्त्रूज १५ मिलि, चिमूट मीठ, वर थंड सोडा. इथं जिन-रम काहीच नको. जिरं घालू नका, वेलचीही नको, त्यांच्यात आणि १३० वनस्पतींत भांडण लागतं. भाजक्या कैरीचा धुरकट वास पुरेसा आहे.

मोठ्या शहरांतल्या बारमध्ये हिच्यापासून ‘स्विझल’ करतात: ४५ मिलि शार्त्रूज, ३० मिलि अननसाचा रस, २० मिलि लिंबू आणि फॅलर्नम नावाचा आलं-लवंगेचा मसालेदार पाक. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेलं हे पेय. फॅलर्नम आपल्याकडं मिळत नाही, पण साखरेच्या पाकात ठेचलेलं आलं, चार लवंगा आणि लिंबाची किसलेली साल रात्रभर ठेवली की जवळपास तिथं पोचता येतं. मजा अवजारात आहे. स्विझल घुसळायला कॅरिबियन बेटांवर झाडाची फांद्या फुटलेली काडी वापरतात, दोन तळव्यांत धरून फिरवायची. आपली लहान रवी हेच काम करते, आणि अधिक नीट करते. बर्फ जाड फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं फोडा, उंच ग्लासात भरा, रवी फिरवा, ग्लासाला बाहेरून दव धरलं की थांबा. ४५ मिलि शार्त्रूज म्हणजे मद्यार्काच्या हिशेबानं जवळपास पूर्ण मोठा पेग, तेव्हा हा ग्लास एकट्यानं एकच.

कांपारी

१८६० मध्ये इटलीतल्या नोव्हारा गावात गास्पारे कांपारीनं ही केली. रंग भडक लाल, चव सरळ कडू. खाली संत्र्याची साल. हिचा पूर्वीचा रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून येई. २००६ पासून कंपनीनं बहुतेक देशांत तो बंद केला. घरात शुद्ध शाकाहारी माणसं असतील तर हे विचारलं जातंच, म्हणून सांगितलं.

पहिल्या घोटाला तोंडं वाकडी होतात. आमच्याकडच्या एका काकाजींनी ग्लास खाली ठेवून जाहीर केलं होतं, “काहून बाप्पा, हा तं काढा व्हय!” त्यांचं चुकलेलं नाही, अशा सगळ्या पेयांचं मूळ काढ्यातच आहे. पण कारल्याची भाजी चवीनं खाणारी, पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावणारी माणसं आपण. कडूची ओळख नव्यानं करून द्यावी लागत नाही. दुसऱ्या ग्लासाला तेच काकाजी बर्फ मागत होते.

कांपारीला माझं पहिलं मत मिळतं ते संत्र्यामुळं. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, रंग-वास-गोडी सगळं आहे, पण कॉकटेलच्या दृष्टीनं त्याचे दोन दोष आहेत. एक, आंबटपणा कमी. व्होडकात टाकलं की सपक सरबत होतं. दोन, रस काढून ठेवला की तो कडू होत जातो. संत्र्याच्या बियांत, पडद्यांत असं द्रव्य असतं जे रसात उतरल्यावर हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतं. रस काढताना गोड लागतो आणि तासाभरानं कडवट, तो यामुळंच. संत्र्याच्या रसाचे कारखाने चालवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी. कांपारीच्या ग्लासात हा दोष दोषच राहत नाही. कडूत थोडं कडू मिसळलं, कोणाला कळतं?

‘गॅरिबाल्डी’ नावाचं साधं पेय आहे: ४५ मिलि कांपारी आणि १२० मिलि संत्र्याचा रस. इटलीत त्यांच्या आंबट संत्र्यानं जमतं. आपल्या संत्र्यात १० मिलि लिंबू आणि चिमूट मीठ घालावंच लागतं. रस हातानं पिळा, बिया मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. मग गाळलेला रस पाच-सहा सेकंद मिक्सरमध्ये फिरवून फेस आणा आणि कांपारी-बर्फावर ओता. फेसाळ रसानं कडूपणाची धार गोल होते. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारीपासून पुढं, म्हणजे वर्षातला बराच काळ हा ग्लास ताज्या फळावर चालतो. माझ्या जिभेला मृगाचा संत्रा यात अधिक चांगला लागतो. बागवाले यावर वाद घालतील, घालू द्या.

अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत करत असाल तर तेही कांपारीसाठीच ठेवा. आंबट आणि लाल, दोन्ही हिला हवं. ३० मिलि कांपारी, ६० मिलि कमी गोड अंबाडी सरबत, बाकी सोडा. हुरड्याच्या वेळी, ज्वारीची कणसं आगटीत असताना, हे फार छान जातं. रोडगे आणि वांग्याच्या भाजीसोबत मात्र तिखटापुढं ते हरतं.

कांपारीचं नाव घेतलं की लोक ‘निग्रोनी’ म्हणतात. गावात त्याच्या मागं लागू नका. त्याला जिन लागते, शिवाय गोड व्हर्मूथ, आणि व्हर्मूथ ही मुळात वाइन आहे. उघडली की फ्रिजमध्ये ठेवून महिना-दोन महिन्यांत संपवावी लागते. मे महिन्यात ४५ अंश तापमान, त्यात लाइन गेलेली, आणि घरात पिणारे दोघं: व्हर्मूथ तुमच्याआधी मरेल. कांपारी स्वतः मात्र साखर आणि मद्यार्कामुळं अंधाऱ्या कपाटात निवांत टिकते.

येगरमाइस्टर

हिच्याबद्दल थोडक्यात, कारण हिच्यात गूढ थोडं आहे. जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल गावची, १९३५ पासून बाजारात, ५६ वनस्पती, ओकच्या पिंपांत मुरवलेली. बाटली हिरवी, आतलं द्रव काळपट तपकिरी. दालचिनी, चक्रीफूल, आलं, ज्येष्ठमध. गावात बाटली उघडली की कोणीतरी म्हणतोच, “हे खोकल्याचं औषध व्हय का बे?” आणि हसता हसता ती संपते. हेच तिचं सामर्थ्य आहे. कोणालाही समजावून द्यावी लागत नाही. तिघींत दुकानात मिळण्याची शक्यता हिचीच सगळ्यात जास्त, नागपूर-अमरावतीच्या मोठ्या दुकानांत तरी.

कंपनी म्हणते उणे १८ अंशांवर प्या. दिवसातून आठ तास लाइन नसलेल्या गावात फ्रीझरवर एवढा भरवसा कोणी ठेवावा? त्यापेक्षा चिंच घ्या. ४० मिलि येगर, २० मिलि चिंचेचा कोळ, १० मिलि गुळाचा पाक, आल्याच्या रसाचे थेंब, बर्फ आणि सोडा. चिंच-गूळ-आलं हे मसालेदार बाटलीचं सख्खं गोत आहे, आणि सावजी रश्श्यासमोर उभं राहील असं या यादीतलं हे एकच पेय. कोलात घालू नका, गोडावर गोड होतं. एनर्जी ड्रिंकमध्ये बुडवून पिण्याची जी शहरी रीत आहे ती तर नकोच. कॅफीनमुळं किती चढली आहे ते माणसाला समजत नाही आणि तो आणखी घेतो. चिखलदऱ्याची कॉफी घरात असेल तर थंड कोऱ्या कॉफीत येगर आणि संत्र्याची साल सुंदर लागते, पण कारण तेच, म्हणून छोट्या कपात, जेवणानंतर, एकदाच.

बाकीच्या परदेशी बाटल्या घाईत: बेनेडिक्टीन मधुर, केशरी वळणाची, पण आपल्या मसाला दुधाच्या इतकी जवळ जाते की वेगळं काही केल्यासारखं वाटत नाही. फर्नेट-ब्रांका म्हणजे कांपारीपेक्षा कितीतरी कडू, कापराच्या वळणाची. अर्जेंटिनात ती कोलासोबत लोकप्रिय आहे, पण पहिली बाटली म्हणून घेणाऱ्याला मी हात जोडतो.

मग मोहाचं काय?

हा प्रश्न येणारच, आणि रास्त आहे. मेळघाटात, गोंदिया-गडचिरोलीत मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं झाडाखाली सडा घालतात. जगात कुठं नसेल असा स्वाद आपल्या जंगलात असताना फ्रान्सची बाटली कशाला? पण मोहाची दारू लिक्युअर नव्हे. ती ऊर्ध्वपातित मद्य आहे, जिन किंवा रमच्या जागेवर बसणारी. आता ती परवान्यानं बनलेली, लेबल लावलेलीही निघते: ‘डेसमंडजी’ची आहे, डहाणूच्या कारखान्याची ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ आहे. कुठं दिसली तर उसाच्या रसाच्या वरच्या कृतीत रमच्या जागी घालून पाहा. फुलांचा किंचित आंबूस, मनुक्यासारखा वास आणि शार्त्रूजचं गवत एकमेकांना धरून राहतात. कांपारीसोबत मात्र मोह दबतो.

हातभट्टीची, पहिल्या धारेची, ‘अगदी खात्रीची आहे’ म्हणून आणलेली मोहाची दारू यासाठी वापरू नका. कायदा तर आहेच. शिवाय तिची तीव्रता दर खेपेला वेगळी असते, आणि त्यात कोणी काय मिसळलंय हे वासावरून ओळखता येत नाही. कॉकटेलमध्ये तर अजिबातच नाही, कारण लिंबू-साखरेत वास बुडून जातो.

वाळवलेली मोहफुलं मात्र निर्धास्त आणा. धुऊन, कोमट पाण्यात भिजवून, गाळून आटवली की काकवीसारखा पाक होतो. येगरच्या चिंचवाल्या ग्लासात गुळाऐवजी हा पाक घातला तर पेय एकदम जंगलात जातं.

घरीच जडीबुटी मुरवली तर?

बरेच जण म्हणतात, १३० काय नि ५६ काय, आम्ही व्होडकात औषधी टाकून करू. चव म्हणून हे थोडंफार जमतं. दुकानातल्या व्होडकात संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी पापुद्रा, गवती चहा, बडीशेप आणि दोन वेलदोडे चार दिवस ठेवून गाळा, साखरेचा पाक घाला. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपुरतं हे खरंच स्वस्त आणि मजेचं आहे, आणि मोठी बाटली घेण्याआधी आपल्याला असली चव आवडते का हे कळतं. शार्त्रूजची खोली त्यात येत नाही. ती कृती वनस्पती नुसत्या भिजवून होत नाही, अर्क काढून, ऊर्ध्वपातन करून, पिंपात मुरवून होते, आणि घरी ऊर्ध्वपातन करणं हा गुन्हा आहे.

माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. बाटलीवर वनस्पतींचं चित्र दिसलं की लोकांना ती आरोग्यदायी वाटू लागते, आणि मग कोणीतरी बांधावरची मुळी, साल, गुळवेल त्यात टाकतं. गुळवेल घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेपही घेतला. वाद कोणाच्या बाजूनं सुटो, दारूत भिजवून यकृतावर प्रयोग करण्याची ती जागा नाही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांतही मद्यार्क असतो, पण धायटीच्या फुलांनी आंबवताना तयार होणारा, थोडा, आणि ते चमच्यानं घ्यायचं औषध आहे. त्याची ग्लासाशी गल्लत करू नये. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा झोपेचं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये.

बर्फ, भांडी, आणि न पिणारे

बर्फ हा खर्चाचा नव्हे, नियोजनाचा विषय आहे. लग्नाच्या वेळी पाणी गार करायला आणतात ती लादी ग्लासात घालू नका, ती कोणत्या पाण्याची आहे हे कोणी सांगत नाही. गाळलेलं पाणी उकळून, गार करून, स्टीलच्या वाट्यांत गोठवा. वाटीएवढा गड्डा सावकाश विरघळतो आणि कांपारी-सोडा लवकर पातळ होत नाही. लाइनचा भरवसा नसेल तर पाहुणे यायच्या आदल्या रात्रीच वाट्या काढून थर्मासमध्ये भरा. बर्फ कमीच असेल त्या दिवशी शार्त्रूजचा नाद सोडा, स्विझल बर्फावरच जगतं. कांपारी-संत्रा माठातल्या गार पाण्यात बुडवून ठेवलेल्या रसानंही निभावतं. म्हणूनही उन्हाळ्याचं मत तिलाच.

कोणत्याही बैठकीत निम्मी माणसं पिणारी नसतात, आणि त्यांच्या हातात कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली देणं हा यजमानाचा आळस आहे. वरच्या प्रत्येक ग्लासाचा पाया आधी बिनदारूचा तयार करून ठेवा, बाटली शेवटी ज्याच्या त्याच्या ग्लासात. उसाचा रस, आलं, लिंबू यांत तुळशीची चार पानं आणि चिमूटभर ओवा चुरडून घातला तर शार्त्रूजच्या अंगणापर्यंत तरी जाता येतं. अंबाडीच्या सरबतात संत्र्याची साल आणि मेथीचे चार दाणे रात्रभर ठेवले की कांपारीसारखा कडवट शेवट येतो. मेथी सकाळी गाळून टाका, दुपारपर्यंत राहिली तर सरबत भाजीसारखं लागतं. चिंच, मोहफुलांचा पाक, आलं आणि सोडा याला तर कशाचीच उणीव नाही. आमच्याकडच्या वहिनी हे पेय मोठ्या गंजात (पातेल्यात) करतात, आणि येगरची बाटली अर्धी असतानाच गंज रिकामा झालेला असतो.